मोर्स येत नाही म्हणजे हॅम नाही? (क्लबातलं भांडण)

कानसेन

नमस्कार मंडळी. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं, वय २३. इथे बरेच जुने हॅम वावरतात हे माहीत आहे म्हणून विचारतोय. भांडलात तरी चालेल पण अधूनमधून उत्तरही द्या.

आमच्या क्लबात सध्या उभी फूट पडायची वेळ आलीये. ज्येष्ठ मंडळींनी ठराव आणलाय की शॅकमधल्या (रेडिओच्या खोलीतल्या) एचएफ रिगवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या सेटवर बसायचं असेल तर आधी मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची भाषा) कानाने घेऊन दाखवायचा. म्हणजे बघा, लायसन्सच्या परीक्षेत मला मोर्स लागला नाही, ऑन एअर जायची परवानगी रीतसर मिळालेली आहे, पण खुर्चीत बसायची परवानगी काकालोक देणार. दुसरा वाद वर्गणीचा. बीमचा रोटेटर दोन वर्षांपासून अडकलाय, अँटेना बिचारी एकाच दिशेला तोंड करून उभी आहे, तो आधी दुरुस्त करायचा की एसडीआर (बहुतेक काम सॉफ्टवेअरने करणारा) रिसीव्हर घेऊन तो नेटवर टाकायचा म्हणजे घरबसल्या सगळ्यांना ऐकता येईल. आम्ही सहा-सात पोरं एसडीआरच्या बाजूने, बाकी सगळे रोटेटरच्या.

आता माझं दुखणं. चाळीस मीटरच्या बँडवर आयुष्यातला पहिला सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) दिला तेव्हा घसा कोरडा पडला होता, आणि एका वयस्कर आवाजाने चक्क उत्तर दिलं. मी कॉल साइन, नाव, फाइव्ह-नाइन (सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट) सगळं सांगितलं आणि म्हटलं एक सेकंद सर, लॉग उघडतोय कॉम्प्युटरवर. पलीकडून आलं, "कागद-पेन्सिल नाही का घरात?" आणि मग पुढची सात-आठ मिनिटं प्रवचन. लॉग कसा लिहायचा, आमच्या वेळी काय होतं, हल्ली परीक्षा कशी सोपी झालीये. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत परत उच्चारलं नाही, रिपोर्टही दिला नाही. दुसऱ्या दिवशी टू मीटरच्या नेटवर (रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत) तोच विषय, "आजकालची मुलं प्रश्नपेढी पाठ करून येतात", माझं नाव न घेता, पण सगळ्यांना कळलं कुणाबद्दल आहे ते.

त्यानंतर महिनाभर माइकला हात लावला नाही. एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) लावलं, पाच वॉट आणि खिडकीतून सोडलेली वायर, दोन-अडीच महिन्यांत साठेक देश झाले. मोठ्या उत्साहाने क्लबात सांगितलं तर आमचे अप्पा (सगळ्यात सीनियर) म्हणाले, "ते तू नाही केलंस रे, तुझ्या लॅपटॉपने केलं."

तर प्रश्न असा की हे भांडण फक्त आमच्याकडेच आहे की सगळीकडे असंच चालतं? आणि खरंच मोर्सशिवाय या छंदाला भविष्य नाही का? की उलट मोर्स धरून बसल्यानेच नाही?

---

जुनी चावी

बाळा, पहिल्या क्यूएसओला (संपर्काला) तुला जे ऐकून घ्यावं लागलं ते चूकच. नव्या माणसाचं नाव दोनदा घ्यायचं आणि रिपोर्ट द्यायचा, बाकी सगळं नंतर. त्या गृहस्थांच्या वतीने मी माफी मागतो, जरी ते कोण हे मला ठाऊक नाही (आणि मी नव्हतो!).

पण आता माझीही बाजू ऐक. एक्केचाळीस वर्षं झाली मला लायसन्स मिळून. मोर्स म्हणजे आमचा म्हातारचळ आहे असं तुम्हाला वाटतं. अरे, एक ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल, चार कपॅसिटर, एक की (मोर्सची चावी), एवढ्यात ट्रान्समीटर होतो आणि तो तुम्ही स्वतः एका संध्याकाळी बांधू शकता. एसएसबीवर (बोलायची नेहमीची पद्धत) एका आवाजाला पावणेतीन किलोहर्ट्झ लागतात, सीडब्ल्यूला, म्हणजे मोर्सला, दीडशे हर्ट्झच्या आसपास. म्हणजे एक माणूस जिथे बोलतो तिथे सतरा-अठरा जण गुण्यागोविंदाने नांदतात. आणि फिल्टर कुठला तर कान. एकावर एक पाच स्टेशनं पडलेली असताना हवं ते एकच उचलायला कान शिकतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

एक सांगतो. मागे एका रात्री वीस मीटर जवळजवळ मेलेला होता, एक सिग्नल येतोय आणि बुडतोय, येतोय आणि बुडतोय. कॉल साइन पूर्ण मिळेना. पण त्याचा 'दा' किंचित लांब होता, आणि सीक्यूमधल्या क्यूच्या शेवटी तो एक श्वास घ्यायचा. मी पेन्सिल खाली ठेवली आणि नाव घालून बोलावलं. तोच निघाला, बारा वर्षांनी. हात ओळखता येतो रे मोर्समध्ये, जसं अक्षर ओळखता येतं. तुमच्या एफटी८ मध्ये सगळ्यांचं अक्षर सारखंच.

आणि चिडचिड का होते तेही सांगतो. माणसं लायसन्स काढतात, हँडी (हातातला छोटा सेट) घेतात, तीन महिने रिपीटरवर (सिग्नल उचलून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) "कोणी आहे का" करतात आणि गायब. दरवर्षी वीस येतात, दोन उरतात. गेल्या वर्षी माझा एक जवळचा मित्र सायलेंट की झाला (नव्या वाचकांसाठी, हॅम वारला की आम्ही असं म्हणतो). घरच्यांनी त्याचा व्हॉल्व्हवाला (जुन्या काचेच्या नळ्यांचा) रिग घेऊन जा म्हणून सांगितलं. मी क्लबात चार पोरांना विचारलं, फुकट आहे, घेऊन जा. एकाने विचारलं, ऑटो ट्यून आहे का. हाताने ट्यून करायचं म्हणजे प्लेट करंटचा डिप (सगळ्यात कमी आकडा) काढायचा, मग लोड थोडा वाढवायचा, परत डिप, परत लोड, दोन मिनिटांचं काम आहे आणि त्या दोन मिनिटांत अँटेनाची तब्येत कळते तुम्हाला. कुणी नेला नाही. माझ्याकडे पडलाय. आठवड्यातून एकदा फिलॅमेंट तापवून ठेवतो.

पाच शब्द मिनिटाला म्हणजे काहीच नाही. पाच शब्दसुद्धा जमत नसेल तर मग बसायचं कशाला खुर्चीत?

---

खरखर

@कानसेन, फक्त तुमच्याकडे नाही हो, हे भांडण छंदाइतकंच जुनं आहे. मला जुन्या रेडिओ मासिकांचं वेड आहे त्यामुळे थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थांनी १९१४ साली अमेरिकेत हौशी रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संघटना काढली, आणि थोड्याच वर्षांत संघटनेच्या मासिकात 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने लिहायला लागले. विषय काय? हवेत किती घाण झालीये, नवे ऑपरेटर किती बेशिस्त, कुणाला नीट पाठवता येत नाही. असल्या लोकांना शिक्षा करायला त्यांनी 'वूफ हाँग' नावाचं एक काल्पनिक अवजार काढलं, आणि पुढे 'ओल्ड मॅन'च्याच नावाने लाकडाचं एक खरंखुरं संघटनेकडे आलं! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, सगळे एकूण एक मोर्सच पाठवत होते तेव्हाही, "हल्लीच्या पोरांना काही येत नाही" हेच चाललेलं.

मग स्पार्कवाले आणि व्हॉल्व्हवाले. स्पार्क ट्रान्समीटर म्हणजे ठिणगीचा कडकडाट, अर्धा बँड व्यापणारा, पण त्यावर लोकांचा जीव होता. व्हॉल्व्हची सलग लहर, म्हणजे आज आपण सीडब्ल्यू म्हणतो ती, त्यांना मिळमिळीत वाटायची. डिसेंबर १९२१ मध्ये संघटनेने पॉल गॉडली नावाच्या माणसाला रिसीव्हर घेऊन अटलांटिकपलीकडे पाठवलं, स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबूत बसून त्याने अमेरिकेतले हौशी सिग्नल ऐकले, आणि त्यात बहुसंख्य सीडब्ल्यूचे निघाले. वाद तिथेच मिटला खरं तर, स्पार्क पुढच्या काही वर्षांत गेला. आता गंमत बघा, @जुनी चावी काका, तुम्ही ज्या सीडब्ल्यूची बाजू मांडताय ते त्या काळचं 'पोरांचं फॅड' होतं.

त्यानंतर बोलायच्या दोन पद्धती, जुनी एएम विरुद्ध नवी एसएसबी. एएमवाल्यांचा भरदार आवाज, एसएसबी नीट ट्यून नसेल तर बदक बोलल्यासारखा, त्यावरून 'बदकांची भाषा' म्हणून इतकी टिंगल झाली. आणि एसएसबीवाले म्हणायचे तुमच्या कॅरियरच्या (आवाज वाहून नेणाऱ्या लहरीच्या) शिट्ट्यांनी बँड खराब होतो. निम्म्या जागेत काम होतं म्हटल्यावर एसएसबी जिंकलं. १९६८ मध्ये अमेरिकेत आधी मोकळे असलेले एचएफचे काही पट्टे वरच्या वर्गाच्या लायसन्ससाठी राखून ठेवले, त्यावर इतका राग की काहींनी रिग विकून टाकले, आणि ती जखम तिथले म्हातारे अजून दाखवतात.

मोर्सचं म्हणाल तर २००३ च्या जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत एचएफसाठी मोर्स सक्तीचा ही आंतरराष्ट्रीय अट निघाली, ज्याने त्याने आपापल्या देशात ठरवा. अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये ती पूर्ण काढली. तेव्हा सगळ्यांनी भाकीत केलेलं की पाच वर्षांत सीडब्ल्यूचे पट्टे ओस पडतील. काँटेस्टच्या वीकएंडला सात मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला जाऊन ऐका, सुई ठेवायला जागा नसते.

आणि सोपं केलं की लोक येतात का? जपानचं उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या शेवटापासूनच मोर्स न येणाऱ्यांना कमी पॉवरवर एचएफला बोलता यायचं. १९९५ च्या सुमारास तिथे साडेतेरा लाखांच्या वर हौशी स्टेशनं होती, जगात सगळ्यात जास्त. आज चार लाखही नाहीत. मोर्सने त्यांना अडवलं नव्हतं आणि मोर्स नसल्याने ते टिकलेही नाहीत. माझा आपला अंदाज, हातात मोबाइल आला आणि 'लांबच्या मित्राशी गाडीतून बोलायचं' एवढ्यासाठीच जे आलेले ते गेले.

---

धबधबा

आधी एक विनोद. हॅमच्या भाषेत पुरुष कितीही लहान असो तो 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन, आणि बाई कितीही मोठी असो ती 'वायएल', यंग लेडी. आमच्या नेटवर एक चौदा वर्षांचा ओल्ड मॅन आहे आणि एक सत्तरीच्या यंग लेडी आहेत. आणि आपण इथे पिढ्यांवर चर्चा करतोय!

आता @कानसेन तुझे अप्पा. त्यांना विचार, एफटी८ कुणी बनवलं? स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर, फ्रँकचा एफ आणि टेलरचा टी. हे जो टेलर म्हणजे १९९३ चे फिजिक्सचे नोबेलवाले, जोडपल्सर शोधणारे. पल्सर म्हणजे काय तर गोंगाटात बुडालेला, ठरावीक वेळाने येणारा अतिशय क्षीण सिग्नल. तो शोधायची सवय झालेल्या माणसाने तीच अक्कल हॅम बँडवर लावली. २०१७ मध्ये एफटी८ आलं तेव्हा त्यांचं वय ७६! ज्याला तुम्ही पोरांचा व्हिडिओ गेम म्हणता तो एका ७६ वर्षांच्या ओल्ड मॅनने केलाय.

आणि "लॅपटॉपने केलं" हे मला डोक्यात जातं. आठ टोन, एकूण रुंदी ५० हर्ट्झ, पंधरा सेकंदांच्या खिडकीत सुमारे १२.६ सेकंद पाठवायचं, एका संदेशात ७७ बिट आणि त्याच्या जोडीला चुका दुरुस्त करायचे बिट. त्यामुळे अडीच किलोहर्ट्झच्या गोंगाटापेक्षा वीस डीबी खाली गेलेलाही वाचता येतो, जिथे चांगल्या चांगल्या कानांना काही नाही म्हणजे काही नाही. मी स्वतः त्याचा डीकोडर पहिल्यापासून लिहायचा प्रयत्न केला, चार महिने लागले, अजून अर्धे सिग्नल सुटतात माझे. हे शिकणं नाही का? काकांनी ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर बांधला तसं मी हे बांधलं. २०१२ मध्ये लोकांनी शोधून काढलं की टीव्ही बघायच्या छोट्याशा यूएसबी डोंगलमधून रेडिओ स्पेक्ट्रमचा मोठा पट्टा कच्चा बाहेर काढता येतो, तिथून माझी सगळी वाटचाल सुरू झाली. माइक मी लायसन्सनंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा हातात घेतला.

पण @कानसेन तुलाही एक टोचते. साठ देश केलेस, किती माणसं भेटली? एफटी८ मध्ये स्वतःच्या मनाचं लिहायचं म्हटलं तर तेरा अक्षरं मिळतात. कॉल, ग्रिड (जागेचा कोड), रिपोर्ट, ७३ (शुभेच्छा), संपलं. मी दोन वर्षं तेच केलं आणि मग एक दिवस लक्षात आलं की हजारभर लोकांशी संपर्क झालाय आणि एकाचंही नाव मला माहीत नाही. प्रोपगेशन (लहरी कुठवर पोचतात ते) बघायला एफटी८ सारखी चीज नाही, कुठला बँड कुठे उघडलाय हे दहा मिनिटांत नकाशावर दिसतं. पण गप्पा मारायला नाही ते.

---

तिसरा मजला

तुम्ही सगळे तत्त्वज्ञान करताय आणि अँटेनाबद्दल एक शब्द नाही.

चाळीस मीटर बँडचा साधा डायपोल (ताणलेल्या वायरची अँटेना) वीस मीटर लांब असतो, वीस मीटर बँडचा दहा. तो कुठे लावायचा? ज्येष्ठांनी छंद सुरू केला तेव्हा बऱ्याच जणांकडे स्वतःचं छप्पर होतं. आम्ही भाड्याच्या खोलीत, सोसायटीचं पहिलं पत्र वायर दिसली की दुसऱ्या दिवशी. आणि वायर लावली तरी ऐकू काय येणार? एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, सोलर इन्व्हर्टर, प्रत्येकातली स्विचिंग सप्लाय बोंबलत असते. माझ्याकडे चाळीस मीटरवर सिग्नलचा मीटर नुसत्या गोंगाटाने कायम एस-८ ला चिकटलेला. एवढ्या गोंगाटात कानाने मोर्स घे म्हणणं सोपंय हो ज्यांच्याकडे तीस मीटरचा टॉवर आहे त्यांना. तरुण मुलं एफटी८ कडे का जातात तर वाईट अँटेनावरही ते चालतं म्हणून. आळस वगैरे काही नाही.

मी शेवटी घर सोडून दिलं, म्हणजे घरातून रेडिओ करणं सोडून दिलं. रविवारी पाठीवर रिग, बॅटरी आणि वायर घेऊन डोंगरावर. सोटा म्हणतात त्याला, शिखरांवरून ऑपरेट करायचं, २००२ मध्ये इंग्लंड-वेल्समधून सुरू झालं आणि आता जगभर चालतं. वर गोंगाट शून्य, पाच वॉटमध्ये जग. आणि हो, वजन वाचवायचं म्हणून मी मोर्स शिकलो, कुणी सक्ती केली म्हणून नाही, तर सीडब्ल्यूचा रिग मुठीत मावतो म्हणून.

त्यामुळे तुमच्या क्लबात टॉवर आहे, बीम आहे, ती खुर्ची खरंच सोन्याची आहे आणि म्हणूनच भांडण आहे. रोटेटर दुरुस्त करा आधी. पण नंतर ते स्टेशन रिमोट करा म्हणजे छप्पर नसलेल्यांना घरून वापरता येईल.

---

जुनी चावी

@खरखर, स्पार्कचं वाचून हसू आलं. ठीक आहे, आम्हीही एकेकाळची पोरंच.

@धबधबा, जो टेलरांचं वय ठाऊक नव्हतं. आणि डीकोडर स्वतः लिहिणारी मुलगी असेल तर मी खुर्चीवरून उठून तिला बसवेन, मोर्स येवो न येवो. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. ते डिजिटल हँडी, त्याला घरातला हॉटस्पॉट, तिथून इंटरनेट, पलीकडे परत हॉटस्पॉट आणि दुसरा हँडी. हवेतून अंतर किती गेलं? या खोलीतून त्या खोलीत. आणि त्यात आवाज दाबणारा जो कोडेक आहे तो कंपनीच्या मालकीचा, बंद. आत काय चाललंय बघता येत नाही, स्वतः बांधता येत नाही, चिपच विकत घ्यावी लागते. ज्या छंदात झाकण उघडून बघायचं असतं त्यात झाकणाला कुलूप!

---

धबधबा

काका, इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि माझ्या वयाचे बरेच जण याच मुद्द्यावर पेटलेले आहेत. म्हणून तर डेव्हिड रो यांनी कोडेक२ हा मोकळा कोडेक लिहिला आणि त्यावर एम१७ नावाचा पूर्ण उघडा प्रोटोकॉल उभा राहिला. सोर्स कोड सगळा समोर. तुम्हाला सोल्डरिंग येतं, मला कोड येतो, मॉडेम बोर्ड तुम्ही जोडा, फर्मवेअर मी टाकते.

(आणि तो व्हॉल्व्हवाला रिग अजून आहे का? मला हवाय. ऑटो ट्यून नको.)

---

जुनी चावी

आहे. वजन अठरा किलो आहे, कुणाला तरी सोबत घेऊन ये. हाय व्होल्टेजला हात लावायच्या आधी एक हात खिशात ठेवायचा, बाकी समोर बसवून शिकवतो.

---

कानसेन

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल सॉरी.

@तिसरा मजला चं ऐकून क्लबाची डोंगरावर एक ट्रिप काढली. अप्पापण आले, "बघू तुमचं मशीन काय करतं" म्हणत. वर मोबाइलला रेंज नाही. वीस मीटरची वायर झाडावर टाकली, लॅपटॉप लावला, १४.०७४ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉलमध्ये (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या चित्रात) नुसत्या रेघाच रेघा, इतके सिग्नल, आणि डीकोड एकही नाही. केबल बदलली, लेव्हल बदलली, सॉफ्टवेअर परत चालू केलं. अर्धा तास गेला. अप्पा दगडावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझं ते वेळेवर चालतं ना? घड्याळ कुणी लावलं?" आणि माझी ट्यूब पेटली. लॅपटॉपचं घड्याळ एरवी नेटवरून जुळतं, इथे नेट नाही, आणि लॅपटॉप महिनाभर बंद होता. एफटी८ ला सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पण बरोबर वेळ आणायची कुठून? अप्पांनी स्वतःचा छोटा रिसीव्हर काढला, १० मेगाहर्ट्झवर नेला, आणि त्या सगळ्या खरखरीतून वेळ सांगणाऱ्या स्टेशनचे ठोके. मला तर पहिल्यांदा काहीच ऐकू येईना, त्यांनी इअरफोन माझ्या कानात घातला आणि बोटाने गुडघ्यावर ताल धरला, टक, टक, टक, तेव्हा कुठे कानाने पकडलं. मी सेटिंगमध्ये पुढच्या मिनिटाची वेळ टाकून एंटरवर बोट ठेवून बसलो. मिनिटाचा ठोका आला तसे ते ओरडले, "हाण!"

चार सेकंद मागे होतं घड्याळ. पुढच्या फेरीला एकदम एकवीस डीकोड. मी एकाला बोलावलं, उणे एकोणीस डीबी. अप्पांनी इअरफोन रिगला लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "इथे काही नाहीये." मी स्क्रीन दाखवली. दोन मिनिटं गप्प. मग विचारलं, "पॉवर किती?" म्हटलं पाच वॉट. "हं." आणि मग, "पण हा जो उत्तर देतोय तो माणूस जागा आहे की त्याचं मशीनच?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

ठरावाचं म्हणाल तर मोर्सची सक्ती मागे घेतली, त्याऐवजी पहिले तीन क्यूएसओ कुणातरी जुन्या माणसाबरोबर बसून करायचे असं ठरलं, आणि त्या जुन्या माणसाने मध्ये बोलायचं नाही ही पुरवणी आम्ही घुसवली. ती दोनच मतांनी पास झाली. रोटेटर दुरुस्तीला गेला. एसडीआरवरून भांडण चालूच आहे, मागच्या मीटिंगला एक काका उठून गेले.

आणि हो, हसू नका, मोर्स सुरू केलाय. अप्पांनी कोखची पद्धत सांगितली, म्हणजे टिंब-रेघा मोजायच्या नाहीत, सुरुवातीपासून वीस शब्दांच्या वेगानेच अक्षर ऐकायचं, आधी फक्त के आणि एम, ते नव्वद टक्के बरोबर आले की एकेक वाढवायचं. के, एम, यू झाले. आरला चार दिवस अडकलोय. के म्हणजे दा-डि-दा आणि आर म्हणजे डि-दा-डि, नेमके उलटे, आणि मला प्रत्येक आर हा केच वाटतो. काही युक्ती आहे का?

---

जुनी चावी

वेग वाढव. पंचवीसवर घे. अजून मोजतोयस तू मनातल्या मनात.